पांढऱ्यावर पांढरं : दिंग भांड्यांच्या नक्षीवरच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५

कामाची हद्द आज पक्की केली. चीनच्या हबेई प्रांतात छूयांग तालुक्यात जियानत्स नावाचं गाव आहे. तिथल्या भट्ट्यांमध्ये सोंग आणि जिन राजवटींत, म्हणजे साधारण १०व्या ते १३व्या शतकात, भाजलेली पांढरी भांडी आम्ही घेतली आहेत. जवळच्या दिंगझोउ शहरावरून त्यांना दिंग भांडी म्हणतात. भांड्यांवरच्या नक्षीची रेखाचित्रं, प्रत्येकाला मराठी टिपण, आणि नक्षी मातीत कशी उतरली याचा खुलासा, असा चित्रसंच तयार करायचा आहे. पुण्यात कुंभारकाम शिकवणाऱ्या ताई मातीची बाजू सांभाळणार आणि मी इथे लंडनला चित्रांची. वाचक म्हणून पुरातत्त्व आणि उपयोजित कलेचे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत.

चिनी भांडी म्हटलं की आपल्याकडे निळ्या-पांढऱ्या फुलदाण्याच आठवतात. त्यांचा बहर १४व्या शतकातला. त्याच्या तीनशे वर्षं आधी रंगाचा थेंबही न वापरता कमळं, बदकं आणि मासे उमटवणारे कारागीर होते, हे मराठीत सविस्तर लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

२५ जानेवारी

ब्रिटिश म्यूझियम, दालन ९५. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह इथे आहे, सुमारे १,७०० वस्तूंचा. डेव्हिड यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड १९०६ साली बँक ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढे होते. १९२०च्या दशकात पर्सिव्हल चीनला जाऊ लागले, बीजिंगच्या राजवाड्यातल्या वस्तूंच्या मांडणीला त्यांनी हातभार लावला, आणि एका बँकेकडे गहाण पडलेल्या राजघराण्याच्या वस्तूही त्यांनी विकत घेतल्या. १९५० साली त्यांनी संग्रह लंडन विद्यापीठाला दिला. २००९पासून तो या दालनात आहे आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तो कायमचा संग्रहालयाच्या स्वाधीन करत असल्याचं जाहीर झालं. मुंबईच्या गिरणीधंद्यातल्या पैशाने जमलेला हा संग्रह बघायला मराठी माणसाने आवर्जून यावं.

दालनात मांडणी दाट आहे. कपाटांत ओळीने भांडी, त्यांत सर्वांत शांत दिसणारी दिंगची. दोन पावलांवरून ताटली कोरी वाटते. वाकून, उजेड ताटलीवरून घसरत आपल्याकडे येईल अशा कोनात डोळा नेला की कमळ एकदम वर येतं. मान हलली की पुन्हा नाहीसं.

१ फेब्रुवारी

दिवसभर एकच ताटली काढली. आत कोरलेली कमळाची एक फांदी, एक फूल, एक दुमडलेलं पान, शेजारी बाणाच्या टोकासारख्या पानाची पाणवनस्पती. सोंग काळात हा जोड वारंवार येतो.

कागदावर रेघ सारख्या जाडीची आली की कमळ मरतं. मूळ रेघ सारखी नाहीच. कारागिराने सुरी तिरपी धरलेली आहे, त्यामुळे चराची एक भिंत उभी आणि दुसरी लांब उतरती झाली आहे. वरून झिलई, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, घातल्यावर ती उभ्या भिंतीच्या पायथ्याशी साठते आणि उतारावर विरळ होत जाते. हस्तिदंती रंगाची झिलई साठेल तिथे थोडी गडद दिसते, म्हणून पाकळीच्या एका कडेला धारदार सावली आणि दुसरीकडे हळूहळू विरणारा उजेड येतो. छटा देण्यासाठी कुंचला लागलेलाच नाही. ती खोलीतून आली आहे.

मुख्य चराला लगटून एक बारीक रेघही दिसते. पाकळीची कड दुहेरी झाल्यामुळे ती वळल्यासारखी वाटते. पानाच्या शिरा फणीने ओढल्या आहेत. पाण्याच्या लाटाही फणीनेच, एका हिसक्यात. त्यात कुठेही हात थबकलेला दिसत नाही, आणि माती अर्धवट वाळलेली असताना थबकून चालणारही नव्हतं.

२ फेब्रुवारी

रंगाबद्दल ताईंनी विचारलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. सुरुवातीला या भट्ट्या लाकडावर चालत, आणि तेव्हाच्या भांड्यांचा पांढरेपणा थंड, किंचित निळसर आहे. १०व्या शतकाच्या सुमारास दगडी कोळसा आला. कोळशाच्या भट्टीत हवा भरपूर खेळते, झिलईतलं थोडंसं लोह ऑक्सिजन घेतं आणि पिवळसर झाक येते. म्हणजे आपण ज्याला दिंगचा हस्तिदंती रंग म्हणतो तो इंधन बदलल्याचा परिणाम. कोरीव नक्षीला हा रंग फार मानवला, कारण साठलेल्या झिलईची सावली उबदार दिसते.

९ फेब्रुवारी

काठांकडे लक्ष दिलं. बऱ्याच ताटल्यांच्या काठाला तांब्याची पट्टी आहे. भांडी पालथी घालून, एकावर एक पायऱ्यांसारखी रचून भाजत. पातळ भांडं त्यामुळे वेडंवाकडं होत नाही आणि एका भट्टीत कितीतरी जास्त माल बसतो. पण टेकणाऱ्या काठावर झिलई ठेवता येत नाही, म्हणून काठ खरबरीत राहतो आणि तळ मात्र पूर्ण झिलईदार. पट्टी खरबरीतपणा झाकायला बसवली की धातूच्या कडेची चालच प्रतिष्ठेची होती, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. सोंग काळातल्या लेखकांनी नोंदवलंय की काठाच्या दोषामुळे दरबाराने दिंग सोडून रू या दुसऱ्या भट्टीची भांडी मागवली. मला पट्टी नक्षीचाच भाग वाटते. कमळाभोवतीची ती एकमेव गडद रेघ आहे आणि तिच्यामुळे आतला पांढरा आणखी खोल जातो. चित्रांत पट्टी दाखवायची, गाळायची नाही.

बाहेरच्या बाजूला झिलईचे ओघळही आहेत. चिनी रसिक त्यांना अश्रूंचे ओघळ म्हणत आणि अस्सलपणाची खूण मानत. चित्रात ते हलक्या ठिपक्यांनी.

२३ फेब्रुवारी

ताईंच्या चाचणी-फरश्या भट्टीतून निघाल्या. पोर्सेलीनची माती, बांबूच्या तिरप्या पात्याने कापलेले चर, वर पारदर्शक झिलई. तीन कोन करून बघितले होते. पातं सरळ उभं धरून कापलेल्या चरात झिलई मधोमध साठली आणि रेघ नुसती राखाडी दोरी दिसते. अगदी आडवं धरलं की उतार इतका लांब होतो की सावलीच पडत नाही. मधल्या कोनात मात्र ती दिंगची सावली आली. ताईंनी फोनवर सांगितलं, ‘‘हात मनगटातून फिरवायचा नाही, कोपरापासून ओढायचा. नाहीतर वळणावर चर उथळ होतो.’’

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उभी भिंत पाकळीच्या आत ठेवली की पाकळी खड्ड्यात बसल्यासारखी दिसते, बाहेर ठेवली की वर उचलल्यासारखी. म्हणजे प्रत्येक रेघेबरोबर कारागीर ठरवत होता की काय पुढे आणायचं आणि काय मागे सारायचं. जुन्या ताटल्यांची माझी रेखाटनं या नजरेने परत तपासली. फुलाला उभी भिंत बाहेरून आहे आणि मागच्या पानाला बहुतेक आतून. नक्षीच्या पुस्तकांत हेच कमळ सपाट, एकसारख्या काळ्या रेघेत छापलेलं असतं, आणि नेमकी ही गोष्ट त्यात उरत नाही.

१ मार्च

साच्याच्या ताटल्या. आजची नोंद जरा लांब होणार, कारण इथे सगळं उलटं होतं.

११व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिंगमध्ये साचे वाढू लागतात आणि १२व्या शतकात, जिन राजवटीत, त्यांचाच बोलबाला होतो. साचा म्हणजे भाजलेल्या मातीचा, छत्रीच्या आकाराचा घुमट. त्याच्या फुगीर पाठीवर नक्षी खोल कोरलेली. चाकावर घडवलेली ओली ताटली त्यावर पालथी दाबायची, थोपटायची आणि उचलायची. साच्यात जे खोल होतं ते ताटलीच्या आत उठून येतं. जिन काळातल्या तारखा कोरलेले साचे आज जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे या पद्धतीचा काळ अंदाजावर सोडावा लागत नाही.

आता झिलईचं बघा. कोरलेल्या ताटलीत फुलाच्या रेघा खोल, म्हणून झिलई रेघेत साठते आणि रेघ गडद. साच्याच्या ताटलीत फूल उंच, म्हणून झिलई फुलावरून ओघळून आजूबाजूला साठते. फूल उजळ, जमीन गडद. विषय एकच, कमळ, पण उजेड आणि सावली अदलाबदल झालेली. दोन्हीला एकाच पद्धतीने रेघ मारली तर वाचकाला हा फरक कधी कळणारच नाही.

आणि रचनाही बदलते. कोरणारा मोकळी जागा सोडतो, कारण प्रत्येक रेघ त्या एका भांड्यासाठी नव्याने ओढायची आहे. साचा कोरणाऱ्याचे श्रम एकदाच, पुढे त्यातून कितीही ताटल्या निघणार. म्हणून तो सगळी जागा भरतो. काठाशी चौकटी वळणांची पट्टी, तिच्या आत पिसारे मिरवणारे मोर किंवा फुलांत लपलेली लहान मुलं, मधे पुन्हा फूल किंवा मासे. ढगांतले नागमोडी ड्रॅगनही साच्यातूनच आलेले. चंद्राकडे टक लावलेला गेंडा ही मला आवडलेली आणखी एक रचना. मोकळ्या रेघेचं कमळ मला जास्त जवळचं आहे हे कबूल, पण मोरांच्या ताटलीतली दाटी कंटाळवाणी नाही. तिच्यात लय आहे, आणि ती फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही.

२ मार्च

कालच्या नोंदीवरून निर्णय: चित्रसंच विषयवार लावायचा नाही. ‘फुलं’, ‘पक्षी’, ‘मासे’ असे गट पाडले तर कोरलेलं आणि दाबलेलं कमळ शेजारी येऊन एकसारखं दिसेल. गट पडतील ते नक्षी कशी उतरली यावरून: कोरीव, फणीची, साच्याची. ताईंना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं: ‘‘कुंभाराला हेच विचारायचं असतं.’’

१६ मार्च

टिपणांसाठी वाचन. डेलिलीचं फूल दिंगवर खूप दिसतं, दोन-तीन सळसळत्या पाकळ्या आणि गवतासारखी पानं. गरोदर स्त्रीने ते जवळ बाळगलं तर मुलगा होतो अशी जुनी चिनी समजूत. पिओनी म्हणजे वैभव. मासा म्हणजे भरभराट. मुलांची चित्रं वंशवृद्धीसाठी. हे अर्थ टिपणात एकेका वाक्यात येतील, त्याहून अधिक नाही. बहुतेक पुस्तकं अर्थांची यादी देऊन थांबतात. ज्या ताटलीत जेवण वाढलं जायचं तिच्यात फूल का कोरलं हे समजायला अर्थ पुरेसा नाही. पातळ सूप ओतलं की फणीच्या लाटांतले मासे ओले होतात, हे त्या कारागिराला नक्की ठाऊक होतं.

२९ मार्च

हा भाग माझ्यासाठी या प्रकल्पाचा गाभा ठरतोय.

१९६९ साली दिंगझोउमध्ये दोन बौद्ध स्तूप-मनोऱ्यांच्या पायाखालच्या बंद कोठड्या उघडल्या गेल्या. जिंगझी मंदिराची कोठडी ९७७ सालची आणि जिंगझोंग मठाची ९९५ची. दोन्ही मिळून शंभराहून अधिक दिंग भांडी निघाली. तारीख पक्की असल्यामुळे सुरुवातीच्या दिंगची सगळी मोजणी इथून होते. काही भांड्यांच्या बुडाला ‘सरकारी’ अशा अर्थाचं अक्षर कोरलेलं आहे.

त्यांतली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे ड्रॅगनच्या तोंडाची तोटी असलेली उंच कुंडिका, सुमारे ६० सेंटिमीटर. कुंडिका हे आपल्याकडचं भिक्षूंचं जलपात्र. भारतातून बौद्ध धर्माबरोबर ते चीनला गेलं, आणि ७व्या शतकात भारतात राहिलेल्या इत्सिंग या प्रवासी भिक्षूने आपल्या लिखाणात त्याचा वापर सांगितला आहे. दिंगच्या कुंडिकेवर कमळाच्या पाकळ्या एकीवर एक चढवून उठावात कोरलेल्या आहेत. कार्ले किंवा अजिंठ्याला ज्याने कमळाची पीठं आणि छतावरची कमळं बघितली आहेत, त्याला या पाकळीचं मूळ घराणं सांगावं लागणार नाही. कमळ ही वनस्पती चीनची स्वतःचीही आहेच, पण पाकळ्यांच्या रांगेने वस्तूला पवित्र आसन द्यायचं ही कल्पना बौद्ध वाटेने गेली.

दुसरी वस्तू शंख. पांढऱ्या मातीचा, झिलईचा, खऱ्या शंखाच्या आकाराचा, अंगावर बारीक रेघा कोरलेला. मंदिरातल्या शंखाचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला हे चित्र संचात मोठं, पूर्ण पान हवं. ताईही याला लगेच हो म्हणाल्या.

या सुरुवातीच्या उठावाच्या पाकळ्या आणि नंतरचं मोकळं, एका फांदीचं कमळ यांत जवळपास शंभर वर्षांचं अंतर आहे. पहिलं मंदिराचं कमळ आहे, दुसरं तळ्यातलं. शेजारी बाणपानाची वनस्पती आली, बदकं आली, पाणी आलं. संचात दोन्ही समोरासमोरच्या पानांवर ठेवतो.

१२ एप्रिल

ताईंबरोबर लांब बोलणं झालं. साच्याच्या दाट नक्षीचा उगम कापडात शोधणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांच्या बाजूला एक भक्कम गोष्ट आहे: सोंग काळात दिंगझोउ हेच केसी नावाच्या रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध होतं. केसीमध्ये आडवा धागा काठापासून काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकृतीपुरताच फिरून परततो. पैठणीच्या पदरातला मोर विणायची तऱ्हा याच कुळातली, म्हणून विद्यार्थ्यांना समजवायला हे उदाहरण हाताशी आहे. एकाच गावच्या परिसरात भट्ट्या आणि माग, मग नक्षीचे नमुने इकडून तिकडे गेले तर नवल नाही. चांदीच्या ठोकलेल्या थाळ्यांचाही प्रभाव मानला जातो. पातळ काठ आणि पाकळीदार कडा पाहिल्या की ते पटतं.

मला स्वतःला चांदी आणि कापड दोन्ही एकत्र दिसतात: आकार सोनाराकडचा, दाटी विणकराकडची. कोरीव कमळ मात्र कुठून उसनं आणल्यासारखं वाटत नाही. तिरप्या पात्याची ती सावली चांदीत येत नाही आणि रेशमात तर नाहीच.

२७ एप्रिल

रेखांकनाचे नियम ठरले, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

कोरीव नक्षीत उभ्या भिंतीची बाजू जाड रेघेने, उताराची बाजू विरत जाणाऱ्या ठिपक्यांनी. फणीच्या रेघा जशा तशा, दातांची संख्या ओळखू येईल अशा. साच्याच्या नक्षीत बाह्यरेषाच नाही, फक्त जमिनीला ठिपके, म्हणजे आकृती कागदाच्या पांढऱ्यात उरेल. प्रत्येक चित्राखाली एका चराचा आडवा छेद, दहापट मोठा. हा छेद भांडं कापल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून तो ताईंच्या फरश्यांवरून काढला आहे आणि प्रत्येक ठिकाणी तसं लिहिलं आहे.

कपाटाबाहेरच्या भांड्यांसाठी तैपेईचं राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि क्लीव्हलंडचं कला संग्रहालय यांनी खुली केलेली छायाचित्रं वापरतो आहे. छायाचित्रातला उजेड कुठून येतो ते प्रत्येक वेळी लिहावं लागतं, कारण दिवा डावीकडून उजवीकडे नेला की खोल रेघ उंच वाटू शकते. तैपेईतली पालथ्या पडलेल्या मुलाच्या आकाराची उशी संचात घ्यायची इच्छा आहे. मुलाच्या अंगातल्या बिनबाह्यांच्या जाकिटावरची फुलं आणि बैठकीच्या कडेचे उठावाचे नमुने, दोन्ही एकाच वस्तूवर अभ्यासता येतात. १८व्या शतकात छ्यानलोंग सम्राटाने आपल्या कविता जुन्या दिंग भांड्यांच्या बुडावर कोरून घेतल्या. त्या अक्षरांचीही एक पानभर नोंद करतो.

१० मे

प्रश्न आला आहे की दिंगपाशी थांबायचं की पुढच्या पांढऱ्या भांड्यांची पुरवणी जोडायची. ताईंचं मत पुरवणी हवी. माझंही तेच झालं, पण दोनच नमुन्यांपुरती.

पहिला नमुना मिंग राजवटीतल्या योंगल सम्राटाच्या काळातला, १४०३ ते १४२४, जिंगदेजेन या पोर्सेलीनच्या गावातला. इथे नक्षी इतकी सूक्ष्म कोरलेली असते की तिला लपलेली नक्षी म्हणतात. पातळ पोर्सेलीन उजेडासमोर धरलं तरच ड्रॅगन किंवा कमळवेल दिसते. १४०७ साली तिबेटी बौद्धांच्या एका पंथाचे प्रमुख, पाचवे कर्मापा, सम्राटाच्या राजधानीत नानजिंगला आले. त्या काळचे तिबेटी भिक्षूंच्या टोपीच्या आकाराचे पांढरे चंबू प्रसिद्ध आहेत. मिंग काळात चिनी पोर्सेलीनवर अष्टमंगलही येतं: चक्र, शंख, छत्र, ध्वज, कमळ, कलश, मत्स्ययुगुल, अनंत गाठ. याच सम्राटाने नानजिंगला पांढऱ्या पोर्सेलीन विटांचा मनोरा उभारायला घेतला, तो १८५६ साली ताइपिंग युद्धात नष्ट झाला.

दुसरा नमुना फूजियन प्रांतातल्या दहुआचा, १७वं शतक. तिथल्या मातीत लोह फार कमी, म्हणून पांढरा दुधासारखा. कपावर प्लमच्या फुलांची फांदी वेगळी घडवून चिकटवलेली असते. नक्षी खोलही नाही, दाबलेलीही नाही, वरून आलेली. युरोपच्या राजांना याचं वेड होतं, ड्रेस्डेनमध्ये तिथल्या राजाने जमवलेला मोठा साठा आहे. म्हणजे चौथी पद्धत मिळाली: चिकटवलेली.

२४ मे

पुरवणीसह क्रम लागला. सुरुवात ९७७च्या शंखाने आणि ९९५च्या कुंडिकेने, मग कोरीव कमळ, फणीच्या लाटा, साच्याचे मोर, शेवटी लपलेली आणि चिकटवलेली नक्षी. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २२ लाख डॉलरला गेलेल्या एका दिंग वाडग्याचीही एक छोटी चौकट ठेवली आहे. मालकाने तो घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानातून ३ डॉलरला घेतला होता. चौकट किमतीसाठी नाही: त्याचा जवळपास जुळा भाऊ ब्रिटिश म्यूझियममध्येच आहे, आणि बाहेरून उभ्या पानांच्या रांगा, आत कमळवेल, ही रचना विद्यार्थ्यांना तिथे बघता येते.

ताईंकडून साच्याच्या फरशीचा दुसरा घाणा यायचा आहे. पहिल्यात झिलई जाड बसली आणि मोराची पिसं बुजली, म्हणून त्यांनी ती पातळ करून, बुडवण्याऐवजी ओतून घातली आहे. फरशी आली की साच्याच्या पानांचे छेद काढायला घेतो. तोवर कोरीव गटाची अकरा पानं पुण्याला तपासायला पाठवली आहेत, आणि प्रत्येक पानावर ताईंना एकच विचारलं आहे: उभी भिंत कुठल्या बाजूला आहे हे चित्रावरून सांगता येतं का.